दीड स्टारचा सिनेमा

८ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून शाळेत सिनेमा सुरू झाला, आणि तो निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कापूस फुटला की आमचे वर्ग रिकामे होतात. आईबाप वेचणीला, मोठी पोरं त्यांच्या मागे, लहान पोरं मोठ्यांच्या मागे. शनिवारचं तर विचारूच नका. म्हणून हेडमास्तर चंपतराव सरांनी युक्ती काढली: शनिवारी जेवणानंतर सिनेमा. मंडल ऑफिसातून प्रोजेक्टर आणला, मुलांच्या सिनेमांची एक पेनड्राइव्ह आणली. खिडक्यांवर बारदान ठोकलं. तिसरीच्या वर्गाची भिंत पांढरी होतीच.

अडचण एकच. सिनेमे बहुतेक तेलुगू आणि आमची शाळा मराठी माध्यमाची. तेलंगणातल्या, बाजारहत्नूरकडच्या या गावातल्या लहान मुलांना तेलुगू येते ती धड्यापुरती. सिनेमातली भरभर बोलणारी माणसं त्यांना कळत नाहीत. तेव्हा भिंतीशेजारी उभं राहून मी मराठीत सांगत जायचं, असं ठरलं.

निवड मात्र मी माझ्या पद्धतीने करणार. माझे वडील सालदार होते. लग्न झाल्यावर अक्षरं शिकले आणि त्यानंतर न वाचता त्यांनी घरात काही आणलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं, बियाण्याच्या पिशवीवरचं, सगळं बोट ठेवून वाचायचे. छापलेल्या अक्षराचा त्यांना आधार वाटे. मलाही वाटतो. मी एक नावाजलेला समीक्षक धरला आहे. तो सगळ्या भाषांतल्या मुलांच्या सिनेमांवर मराठीत लिहितो, पाचपैकी स्टार देतो, आणि शेवटी 'पालकांसाठी' म्हणून सांगतो की मारामारी किती, भीती किती, दुःख किती. तीनपेक्षा कमी स्टार असले तर लावायचा नाही. दुःख असलं तर मुळीच नाही.

आजचा सिनेमा कासवाचा होता. चार स्टार. 'संथ लयीतलं, मुलांना अंतर्मुख करणारं चित्र.' मुलं इतकी अंतर्मुख झाली की निम्मी झोपली. उरलेली झोपलेल्यांच्या कानात काड्या घालत होती. मी चंपतराव सरांना म्हटलं, हळूहळू गोडी लागेल. ते म्हणाले, "कासवच हाय ते, हळूहळूच लागनार."

अर्पिता जागी होती. ती चौथीत आहे, माझ्याच शाळेत. गाडीवर माझ्यासोबत येते-जाते. तिची आई मागच्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून तिच्या नजरेसमोर काय यावं, काय येऊ नये, हे मीच पाहतो. फोटोसुद्धा सध्या कपाटात ठेवला आहे. पोरगी शहाणी आहे, विषय काढत नाही. चांगली सावरली आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मधल्या सुट्टीत सुनयना मॅडमशी वाद झाला. त्या आमच्याकडे तेलुगू शिकवतात. घर नेरडीगोंड्याचं, बोलणं मराठी, शिक्षण सगळं तेलुगूतून. सिनेमाचं वेड आहे.

"सर, हा जो मानूस स्टार देते, त्यानं आपले पोट्टे पाह्यले काय?"

म्हटलं, पाहायची गरज नाही. त्याने हजारभर सिनेमे पाहिले आहेत. डॉक्टरचं आपण ऐकतो की नाही?

"ऐकतो ना. पन डॉक्टर गोळी द्याच्या आंधी आपल्याले पाह्यते. हा तं पोट्ट्यायले न पाह्यताच गोळी देऊन राह्यला."

चंपतराव सर चहा पीत होते. म्हणाले, "आमी तं पोस्टर पाहून जात होतो. पोस्टरवर घोडा असला का पिच्चर चांगला."

"आणि नसला तर?"

"तरी जात होतो."

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. मोठा माणूस सिनेमा आवडला नाही तर उठून जातो. वर्गात बसवलेलं मूल कुठे जाणार? आपण दाखवू ते त्याला पाहावं लागतं. म्हणून बसवणाऱ्याने लहरीवर जाऊ नये. जाणत्याचं मत घ्यावं. मॅडम म्हणाल्या, "बरोबर हाय. मंग तुमी सोता आंधी पाहून ठरवत जा. तुमी जानते नाही का?" म्हटलं, वेळ कुठे असतो.

संध्याकाळी पुढच्या शनिवारच्या सिनेमावर जे मिळालं ते सगळं फोनवर वाचून काढलं. चहा दोनदा झाला. माय म्हणाली, "येवढ्या टायमात तं पिच्चर पाहून झाला असता." माझ्या मायला वाचण्याचं महत्त्व पटत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज पतंगाचा सिनेमा लावला. साडेतीन स्टार, 'हलकाफुलका, सहकुटुंब पाहावा असा.' सुरुवात खरंच छान होती. मुलं खिदळत होती. मीही रंगात येऊन सांगत होतो. आणि मध्येच त्या पतंगवाल्या पोराची आई आजारी पडली. खाटेवर झोपवून तिला दवाखान्यात नेतात, ती परत येत नाही. परीक्षणात याचा एक शब्दही नव्हता. मोठ्या माणसाला ते हलकंफुलकं वाटलंही असेल.

मी प्रसंगावधान राखलं. मराठीत सांगितलं, "आई मामाच्या गावाला चालली." आणि सिनेमा थोडा पुढे पळवला.

निभावलं असतं. पण शेवटी भिंतीवर तिचा फोटो, त्याला हार. दुसरीतली पिंकी उभी राहिली. "सर, मामाच्या गावाले गेलेल्या बाईच्या फोटोले हार काऊन?"

म्हटलं, लग्नातला हार आहे तो.

कुणी हसलं नाही. अर्पिता भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. तिला तेलुगू कळत नाही ते बरं झालं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, या दिवसांत हवेत कापसाचे तंतू उडतात. घरी आल्यावर बराच वेळ हातपाय धूत होतो.

अर्पिताने न सांगता पाण्याचा गिलास आणून दिला. म्हणाली, "बाबा, बोर होता आजचा. असे नका लावत जाऊ." साडेतीन स्टारचा सिनेमा तिला कंटाळवाणा वाटला याचं थोडं वाईट वाटलं. मुलांची अभिरुची घडवायला वेळ लागतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुनयना मॅडमनी काल पेनड्राइव्हमधला एक सिनेमा सुचवला. बसस्टँडवर इडलीचा गाडा लावणारी बाई आणि तिची मुलगी. म्हणाल्या, मी कॉलेजात असताना पाहिला, अजून आठवतो.

घरी येऊन परीक्षण काढलं. दीड स्टार! 'मृत्यूचं थेट चित्रण. दिग्दर्शक मुलांच्या अश्रूंशी खेळतो. लहानांना दाखवू नये.' वाचून जीव भांड्यात पडला. विषय संपला.

हैदराबादच्या एका तेलुगू समीक्षकाने त्यालाच साडेचार दिले आहेत, असं मॅडमनी आज दुसऱ्या तासाला दाखवलं. म्हटलं, दोन घड्याळं बाळगली की वेळ कळत नाही, मी एकाच्याच मताने चालतो. त्या म्हणाल्या, "कोनतं धरायचं ते तुमीच ठरोलं ना सर?" मला फळ्यावर गणितं लिहायची होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाच स्टार. जुन्या घड्याळजीचा सिनेमा. पहिल्यांदाच पाचही स्टार दिसले म्हणून मी आनंदात होतो.

पटावरचे निम्मेसुद्धा आले नाहीत. 'सर सिनेमा दाखवते पन त्यात काहीच होत नाही' असं गावात झालंय. चंपतराव सर म्हणाले, "संघपाल, पुढच्या शनिवारी बी असेच आले तं प्रोजेक्टर वापस करू. पोट्टे कापूस येचाले गेले तरी चालन, तिथं तं काही होते." चेष्टेत बोलले, पण मला लागलं.

काही न होणारे सिनेमेच सुरक्षित असतात, हे त्यांना कसं सांगणार.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

पंचायत निवडणुकीच्या ड्यूटीचं ट्रेनिंग होतं, मला मंडल ऑफिसात बोलावलं होतं. सिनेमाचं सुनयना मॅडमकडे सोपवलं, यादी काढून दिली. ट्रेनिंग लवकर आटोपलं म्हणून तसाच शाळेवर आलो. पटांगणात एकही पोर नाही. बारदानाआडून एकच आवाज येत होता, मराठीत. अर्पिताचा.

दार लोटलं. वर्ग खच्चून भरला होता. भिंतीवर इडलीवाली बाई खाटेवर निजलेली, डोळे मिटलेली, मुलगी तिला हलवते आहे. आणि माझी अर्पिता, मी उभा राहतो त्याच जागी, हात मागे बांधून, धडा म्हणावा तशी सांगत होती:

"आता तिची अम्मा मेली. पोरगी तिले उठवून राह्यली. म्हन्ते, अम्मा, पीठ फुगलं, उठ. पन ती नाही उठत. मेलेलं मानूस नाही उठत."

मी जाऊन वायर ओढली.

अंधार झाला, मग कुणीतरी बारदान सारलं. अर्पिता म्हणाली, "बाबा, थांबा ना. पुढं हाय आनखी." मी तिला घरी जायला सांगितलं. सुनयना मॅडमना मुलांसमोर नको ते बोललो. जबाबदारी वगैरे. त्या पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, "सर, माह्या मनात नव्हतं. मी फक्त वर्गात त्याची गोष्ट सांगतली होती. अर्पितानंच सांगतलं का बाबा ट्रेनिंगले जातीन तवा हा लावजा. म्हने मी सांगते पोरायले, मले समजते."

माझ्या पाठीमागे! नऊ वर्षांची पोर.

आणि तिला इतकी तेलुगू आली कुठून? ती थांबत नव्हती, अडत नव्हती. तिच्या आईचं, रुपाचं, माहेर बेल्लमपल्लीचं, कोळसा खाणीच्या क्वार्टरमधलं. तिला तेलुगू मराठीइतकीच येई. स्वयंपाक करता करता दोघी काहीबाही बोलत बसायच्या. मला तो त्यांचा खेळ वाटायचा.

म्हणजे पतंगाच्या सिनेमातलं मामाचं गावही हिला कळलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

अर्पिता मायसोबत शेंगा फोडत बसली. मी दीड स्टारचं परीक्षण पुन्हा वाचलं. सगळं बरोबर लिहिलं आहे. वाचून बरं वाटलं, पण जेवण गेलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी प्रार्थना संपते न संपते तोच वच्छलाबाई आल्या, पिंकीची आई. पिंकी त्यांच्या पदराला धरून.

"सर, काय दाखोलं तुमी पोट्टीले? दोन दिवस झाले, मले वावरात जाऊ नाही देऊन राह्यली. कापूस बोंडातून गळून चालला अन् हे पदर नाही सोडत. म्हन्ते तू गेली का मरशीन."

लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आनंदच झाला. पाहा, म्हणत होतो ना! मी फोन काढून परीक्षण सुनयना मॅडमपुढे धरलं. लहानांना दाखवू नये, स्पष्ट छापलं आहे.

मॅडम शनिवारपासून माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या. "सर, त्यानं पुरा पिच्चर पाहून लिवलं. आपल्या पोट्ट्यायनं पुरा पाह्यला काय? तुमी तं मढ्यापाशीच वायर ओढली. दोन दिवसापासून तेवढे सारे पोट्टे त्या मढ्यापाशीच बसून हायेत."

मी पिंकीला जवळ बोलावलं. विचारलं, पुढे त्या मुलीचं काय झालं असेल गं?

तिने जरा विचार केला. "ते बी मेली असन."

वर्गात येऊन चौथीचा भागाकार घेतला. दोनदा चुकला. अर्पिताने पाहिलं, आपल्या वहीत बरोबर करून घेतला.

२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी अर्पिता शेजारी खेळायला गेली तेव्हा मायने मला चुलीपाशी बसवलं. भाकरी थापता थापता बोलत होती.

"पोरीवर राग नोको काढू."

म्हटलं, राग नाही, काळजी आहे. तिने असलं काही पाहू नये.

"तिनं पाह्यलं नाही काय? घरातूनच नेलं ना तिच्या मायले. तुले वाटते ते इसरली?" मायने भाकरी उलटली. "परवा मले इचारून राह्यली, आजी, आई शेवटी काय बोलली. मी म्हनलं, मले काय मालूम, तुया बाप व्हता जवळ, त्याले इचार. तं म्हने, नाही आजी, बाबा रडते."

"मी कधी रडलो तिच्यासमोर?"

"न्हानीत जाऊन नळ सोडतं तवा काय करतं रे तू?"

मायने तव्यावरची भाकरी माझ्याच ताटात टाकली आणि म्हणाली, "त्या पतंगाच्या पिच्चरले बोर म्हने ते. मले तं सारी गोष्ट सांगतली तिनं, हासून हासून. तुयासमोर बोर हाय."

३ डिसेंबर, बुधवार

पेनड्राइव्ह घरी आणली. उरलेला सिनेमा आधी पाहून घ्यावा म्हणून. लॅपटॉप उघडला, इडलीचा गाडा दिसला, बंद केला.

४ डिसेंबर, गुरुवार

शनिवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. पिंकी आजही आईला सोडत नव्हती. वच्छलाबाईंनाच म्हटलं, तुम्हीही या. त्या वेचणीची ओटी बांधूनच आल्या आणि दारात टेकल्या. सुनयना मॅडमची मी माफी मागितली, मुलांसमोर, कारण बोललो होतो मुलांसमोर. त्या म्हणाल्या, "असू द्या सर, बारदान लावा."

मी भिंतीशेजारी जाऊन उभा राहिलो. अर्पिता जवळ आली, माझी बाही ओढली, हळूच म्हणाली, "बाबा, तुमी ऑफिसात बसा. मी सांगते. ह्याच्यात आईचं लय हाय. तुमच्यासाठी नाही हा."

किती परीक्षणं वाचली मी या महिन्यात. माझ्यासाठी लिहिलेलं हे पहिलंच.

म्हटलं, इथेच बसतो. खाली सतरंजीवर पोरांमध्ये जाऊन बसलो. अर्पिताने मॅडमना सिनेमा थोडा मागे घ्यायला सांगितला, आणि पुन्हा ती खाट आली, ते हलवणं आलं. अर्पिताचा आवाज तसाच, सरळ. "मेलेलं मानूस नाही उठत." या वेळी नळ नव्हता. मी रडलो. चांगला रडलो, आवाज आला. शेजारी पिंकी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग सरकून मला नीट बसायला जागा करून दिली.

आणि सिनेमा तिथे थांबतच नाही! बाप गाडा विकायला काढतो, पोरगी विकू देत नाही. बाप इडल्या करतो तर त्या दगडासारख्या. गिऱ्हाईक कुत्र्याला टाकतं, कुत्रं वास घेऊन निघून जातं. वर्ग असा हसला की चंपतराव सर ऑफिसातून धावत आले. "बापाले पीठ फुगवताच नाही येत!" अर्पिता सांगत होती आणि स्वतःच पोट धरून हसत होती. तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. मग पोरगी बापाला शिकवते. रडत, भांडत, पिठाने माखत शिकवते. शेवटी बसस्टँडवर गाडा उभा, वाफ निघते आहे, पहिली बस येते. संपला.

पिंकीने विचारलं, "बाप नाही मरत?"

"नाही," अर्पिता म्हणाली, "बाप राह्यते."

वच्छलाबाई डोळे पुसून उठल्या. "चाल, मी येऊ काय वावरातून?" पिंकी म्हणाली, "जाय." लगेच म्हणाली नाही, पण म्हणाली.

घरी निघालो. अर्पिता मागे बसली होती. गाव मागे पडलं तसं ती माझ्या पाठीला चिकटून बोलली. "बाबा, आई शेवटी काय बोलली?"

गाडी बाजूला घेतली. कापसाने भरलेला ट्रॅक्टर हळूहळू चालला होता, तो जाऊ दिला. मग सांगितलं. नागपूरच्या दवाखान्यातली सकाळ. मी इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. शेवटचं बोलणं म्हणून पोरीला काहीतरी मोठं हवं असेल, असं वाटायचं, आणि माझ्यापाशी मोठं काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती: अर्पिताच्या वेण्या घट्ट नका घालत जाऊ, तिचं डोकं दुखते. मी बरं म्हटलं. मग नर्सने औषध आणायला खाली पाठवलं. वर आलो तोवर झालं होतं.

अर्पिताने स्वतःच्या वेणीला हात लावून पाहिला.

"मंग तुमी काऊन घट्ट घालता?"

सैल घातल्या तर दुपारपर्यंत सुटतात. मग लोक म्हणतात, आई नाही म्हणून पोरीचं असं. कुणी तसं म्हणू नये म्हणून मी रोज सकाळी जोर लावून ओढत होतो. तेवढं तिला सांगितलं.

"दुखते," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

तिथेच रस्त्याच्या कडेला तिच्या रिबिनी सोडल्या. केस मोकळे सोडून घरी आली.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्या सहा डिसेंबर. विहारात जायचं आहे म्हणून सिनेमा नाही. पुढच्या शनिवारचा मात्र आजच ठरवायचा होता. मॅडम, सर आणि मी मिळून आधी पाहायचं ठरलं आहे, ऑफिसात. आधी सिनेमा, मग परीक्षण. परीक्षणं मी सोडणार नाही. त्या समीक्षकाने खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं: मृत्यू थेट आहे, मुलं रडतात. पतंगाच्या वेळी चुकला, पण माणूस आहे. खरी गोष्ट अशी की मी त्याचं लिहिलेलं मुलांसाठी वाचतच नव्हतो. कुठे कुठे आई येते ते शोधत होतो, आणि तिथून आम्हा दोघांना उठवून नेत होतो. अर्पिताचं काही बिघडत नव्हतं.

सकाळी तिच्या वेण्या घातल्या. रुपाने सांगितल्या तशा, सैल. मला नीट जमल्या नाहीत. एक वर, एक खाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोन्ही सुटल्या, रिबिनी हातात घेऊन पोरगी पटांगणभर हुंदडत होती. सुनयना मॅडमनी तिला हाक मारली, "ये इकडं, बांधून देते."

अर्पिता थांबली नाही. पळता पळताच ओरडली, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं. "राहू द्या मॅडम! माह्या आईनं अशाच सांगतल्या!"